सुनेची विचारपूस

मोरिवलीत पहिल्या पाळीचे कामगार आता घराबाहेर पडत आहेत. एखाद्या घरात मात्र अजून रात्रच संपलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. शेजारी येतात, सासूबाईंची तब्येत विचारतात. सुनेची विचारपूस कोण करतं? कुणी म्हणेल, आपल्या माणसाचं करणं हे कर्तव्यच, त्याचा गवगवा कशाला? कर्तव्य आहेच. पण तेवढ्याने राहिलेली झोप भरून निघत नाही.

दुसरी शंका अधिक खोल. घरातलं दुखणं चारचौघांत कसं बोलायचं? मानसिक आजारात तर ‘लोक काय म्हणतील’ ही भीती फारच. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. वाणींनी तो आजार झाकून ठेवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू लागले. 2004 सालच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणींचं पाठबळ होतं. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीण दिसते. तिची विचारपूस कोण करतं, हा प्रश्न तिथे पडद्यावर आला. श्रोतेहो, आपल्या चाळीत, सोसायटीत एवढं तरी सुरू करता येईल. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून परतू नका. सांगायलाही त्या सुनेला सवड नसते. ‘मी चार वाजता येते, तासभर आजींजवळ बसते, तुम्ही जरा पडा’, असं वेळेसकट सांगा. आणि चारला जा.