दूर्वांच्या शहराला गवताचे वावडे

भाद्रपद चतुर्थीला कसब्याच्या गणपतीला दूर्वांची जुडी वाहणारे पुणेकर त्याच पावसाळ्यात टेकडीवर गवत उपटून तिथे रोप लावतात, आणि दोन्ही वेळा पदरी पुण्यच पडले असे त्यांना वाटते. एकवीस पत्रींत जाई, मरवा, डाळिंब अशी बागेतली मंडळी आहेत, देवदार तर थेट हिमालयातला. पण आघाडा, रुई, बोर, शमी, डोरली, धोत्रा ही सगळी उघड्या, उन्हात तापणाऱ्या जमिनीवरची. ही यादी पुण्यापुरती नाही, त्यामुळे तिला पुरावा म्हणता येत नाही. पण प्रश्न विचारायला ती पुरेशी आहे: पुण्याच्या टेकड्या मुळात कशा होत्या? निसर्गप्रेमी मंडळांनी या टेकड्यांची जमीन बऱ्याच अंशी वाचवली, हे त्यांचे ऋण मान्यच आहे. पण वाचवायचे काय, हे त्यांनी नीट ठरवले नाही, आणि म्हणून वाचवता वाचवता टेकडीच बदलत गेली.

रूढ समज असा, की इथे पूर्वी घनदाट जंगल होते, इंग्रजांनी आणि गुराख्यांनी ते तोडले, आणि आजचा माळ म्हणजे त्या जंगलाचा उरलेला सांगाडा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या समजाची तपासणी चक्क मराठी वाङ्मयातून केली. तेराव्या शतकापासूनच्या साहित्यात आणि लोकपरंपरेत पश्चिम महाराष्ट्रातल्या ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख त्यांना सापडले. त्यांतल्या २७ विरळ झाडांच्या गवताळ माळाच्या, १४ कुठेही जुळवून घेणाऱ्या आणि खास जंगलाच्या अवघ्या तीन. म्हणजे इंग्रज यायच्या पाचशे वर्षे आधीही हा माळ माळच होता. पंढरपुरात कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेले झाडसुद्धा तरटीचे, काटेरी, माळावर वाढणारे. आपल्या संतपरंपरेला जे झाड पवित्र वाटले, ते आपल्या सरकारी नोंदींत ‘पडीक जमिनी’वरचे झुडूप ठरते!

माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. काळ्या कातळावर जेमतेम वीतभर माती, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, या हिशेबात बसणारी सृष्टी तिथे आहे. कुसळी गवताचे एक बी हातात घेऊन पाहावे. त्याचे पिळदार कुसळ ओल लागताच उलगडते, वाळले की पुन्हा पिळते, आणि या फिरण्यातून बियाचे टोकदार तोंड मातीत घुसत जाते. मोठ्या झाडाला जिथे मूळ रोवता येत नाही तिथे हे बी स्वतःची पेरणी स्वतः करते. त्याच मातीत खर्पुडीसारखे कंद उन्हाळाभर दडून असतात आणि पावसाबरोबर वर येतात. एप्रिलमध्ये पिवळी पडलेली टेकडी पाहून ‘उजाड’ म्हणणाऱ्याने निदान ऑगस्टपर्यंत थांबायला हवे.

आपण थांबलो नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लागली. मध्य अमेरिकेतले हे झाड फांदी खोचली तरी जगते, झपाट्याने वाढते, गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. वनीकरणाचा आकडा गाठायला याहून सोयीचे झाड नाही. फेब्रुवारीत गुलाबी फुलोरा आला की फोटोही झकास येतात. पण ऊन मागणारे गवत त्याच्या दाट सावलीत मागे हटते, मुळांतून जमिनीत नत्र वाढते, आणि कमी अन्नावर जगायला सरावलेल्या स्थानिक वनस्पतींपेक्षा ते तणांच्या पथ्यावर पडते. वर रोपांसाठी समतल चर खणले की कंदांची ती वीतभर मातीही उलटीपालटी होते. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. गवताचे लक्ष्य कोणी ठेवल्याचे ऐकिवात नाही.

याला एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. झाडे नसती तर टेकड्याच उरल्या नसत्या, असे कार्यकर्ते म्हणतात. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टिकावे म्हणून नागरिक वर्षानुवर्षे भांडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले. अशा लढाईत झाड हे शस्त्र असते, कारण १९७५ चा नागरी क्षेत्रातला कायदा झाडाला संरक्षण देतो, गवताला देत नाही. हे खरेच आहे. पण त्यातून दोष कायद्याचा ठरतो, माळाचा नव्हे. शिवाय ज्या आरक्षणाच्या नावातच जैवविविधता आहे, तिथे एकाच परदेशी झाडाचे रान माजवणे हा आपल्याच दाव्याला सुरुंग आहे. दुसरा आक्षेप पाण्याचा: झाडे नसतील तर डोंगरावर पाणी थांबणार नाही आणि माती टिकणार नाही. कसब्याला लागून असलेल्या शनिवारवाड्यात पेशवाईत पाणी आले ते कात्रजच्या डोंगरपायथ्याच्या तलावांतून, भूमिगत नळाने. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचा जीवघेणा लोंढा आला तोही कात्रजकडूनच. डोंगर आणि पेठ यांचे नाते असे आहे. पण त्या रात्री नडले ते डोंगरउतारांचे लचके आणि आवळलेले ओढ्याचे पात्र, गवताळ माथे नव्हेत. उथळ मातीला धरून ठेवते ते गवताच्या मुळांचे दाट जाळे. वणव्याची भीती रास्त आहे. त्यावर जाळरेषा आणि राखण हा उपाय आहे, सावली हा नाही.

म्हणून सगळी उंदीरमारी उद्याच तोडा, असे कोणी म्हणू नये. उघड्या पडलेल्या उतारावर घाणेरी आधी पोहोचेल. काम टप्प्याटप्प्याने, जाणकारांना विचारून करण्याचे आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यातच स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमातून असे जाणकार तयार झाले आहेत, ते शोधायला लांब जावे लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये रोपांचा आकडा ठरवण्याआधी प्रत्येक टेकडी मंडळाने एक तुकडा बाजूला ठेवावा, तिथे काहीही लावू नये, वणवा आणि दुचाकी तेवढ्या रोखाव्यात, आणि आपोआप काय उगवते त्याची दिवाळीपर्यंत यादी करावी.