बंदी आणि विनंती



गेल्या पौषात मुलाकडे न्यूझीलंडला गेलो होतो. तिकडे तेव्हा उन्हाळा. दरवर्षी वारीला चालणारा बाप आला आहे, तर त्याला चालायला कुठे न्यावे, असा विचार करून मुलाने बेत काढला. टोंगारिरो नावाच्या ज्वालामुखीवरून एका दिवसात पायी पार व्हायचे. मांगातेपोपोच्या खोऱ्यातून चढायचे, लाल विवराच्या कडेवरून जायचे आणि पलीकडे केतेताहीला उतरायचे. वाट सुमारे २० किलोमीटर, सात-आठ तासांची. अंतर ऐकून मी हसलो. आपल्या पुणे-सासवड टप्प्याहून ते कमीच.

पण आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर तयारी सुरू झाली तेव्हा हसू मावळले. वाटेत पिण्याचे पाणी नाही, ते पाठीवर न्यायचे. खाली ऊन असले तरी वर बोचरा वारा, म्हणून लोकरीचे कपडे आणि पावसाळी कोट. वाट एका खोऱ्यात सुरू होऊन दुसऱ्या खोऱ्यात संपते, म्हणून संध्याकाळची परतीची बस चुकवायची नाही. हवामान पाहायचे आणि ज्वालामुखीबद्दल काही इशारा आहे का, तेही पाहायचे. कारण डोंगर जिवंत आहे. ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री याच डोंगराचे एक तोंड फुटले आणि उडालेले दगड केतेताहीच्या निवाऱ्याचे छत फोडून आत पडले. आत कोणी नव्हते म्हणून निभावले. चालायचा वेग मात्र आपल्या दिंडीच्याच रीतीने ठरला: सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. म्हणजे माझा.

तेवढ्यात सतरा वर्षांचा नातू म्हणाला, "आबा, मधे न्गाउरुहोए लागतो. त्याच्या टोकावर जाऊन येऊ. दोन-तीन तास जास्त लागतील." हा डोंगर शंकूसारखा रेखीव, सुमारे २२९० मीटर उंच. एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटात दिसल्यापासून तरुणांना त्याची फार ओढ.

मुलगा म्हणाला, "तिथले माओरी लोक शिखरावर चढू नका म्हणतात."

"बंदी आहे का?" नातवाने विचारले.

"बंदी नाही. विनंती आहे."

"मग झालं तर!"

मी तेव्हा काही बोललो नाही. पण त्या 'मग झालं तर'ने माझी झोप उडवली.

ती विनंती कोणाची, ते मुलाने सांगितले. न्गाती तुफारेतोआ या माओरी जमातीचे हे डोंगर म्हणजे पूर्वज. त्यांच्या कथेनुसार न्गातोरोइरांगी नावाचा पुरोहित शिखरावर थंडीने मरायला टेकला, तेव्हा त्याने दूरच्या मूळ भूमीतल्या बहिणींना हाक मारली. त्यांनी पाठवलेला अग्नी भूमीखालून आला आणि शिखरातून उफाळला. या लोकांत माणसाचे मस्तक पवित्र मानतात, आणि डोंगराचे शिखर म्हणजे पूर्वजाचे मस्तक. १८८७ साली जमिनींचे तुकडे पाडून विक्री चालली होती, तेव्हा त्यांचा प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ याने ही शिखरे राणीच्या सरकारकडे सोपवली, ती अखंड राहावीत म्हणून. त्यातूनच न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. आता त्यांचे मागणे एवढेच आहे की वाटेने खुशाल चाला, पण शिखरावर पाय देऊ नका आणि वाटेतल्या हिरव्या तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका.

पहाटे नातवाने मला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला. "आबा, आपण कळसूबाईच्या टोकावर चढतो, तिथे देवीचं देऊळ आहे. आपल्याला चालतं, मग त्यांचा नियम आपण का पाळायचा? आपला धर्म वेगळा."

प्रश्न खरा आहे. शिखरावर जाणे हे काही मुळात पाप नाही. कळसूबाई वर बोलावते म्हणून आपण जातो. पण घर ज्याचे, त्याची रीत. पंढरीत महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे. आपण तिच्यावर पाय देत नाही, डोके टेकवतो. एखादा परदेशी पाहुणा तिच्यावर पाय ठेवून गेला, तर त्याने गुन्हा केला असे नाही. आपण फार तर हात जोडून म्हणू, "माउली, जरा बाजूने." त्याने "बंदी आहे का?" असे विचारून पाय दिलाच, तर? दगडाला काही होत नाही. दुखते ते हात जोडणाऱ्याला.

नातू हट्टी. म्हणाला, "असं म्हटलं तर कोणीही काहीही विनंती करेल. सगळंच सोडायचं का?"

नाही. चोखोबांना देवळाबाहेर ठेवले, ती विनंती नव्हती. तो बलवंतांनी दुबळ्याला दिलेला हुकूम होता. तो मोडावा म्हणूनच १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले. तेव्हा मागणारा कोण, कोणाकडे मागतो आणि कोणाचे काय जाते, हे पाहावे. इथे मागणारे ते आहेत ज्यांनी डोंगर सोपवले आणि आपल्याला वाट मोकळी ठेवली. ते कोणा एका जातीला नव्हे, सगळ्यांनाच सांगतात. आणि ऐकले तर आपले जाते काय? एक छायाचित्र.

बंदीमागे पहारेकरी असतो, दंड असतो. ती पाळणारा कदाचित भीतीनेही पाळतो. विनंतीमागे कोणीच उभे नसते. ती करणारा आपला मान आपल्याच हातात ठेवून मोकळा होतो. म्हणून बंदी मोडणारा पहारेकऱ्याला फसवतो, पण विनंती मोडणारा भरवसा ठेवणाऱ्याला फसवतो.

हे मी नातवाला सांगू शकलो, कारण ते मी स्वतः केले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आषाढीला दर्शनबारीत एका ओळखीच्याने मला मधेच आपल्याजवळ घेतले. मागे एक म्हातारी होती. ती भांडली नाही. हात जोडून एवढेच म्हणाली, "माउली, आम्ही कालपासून उभे आहोत." मी ऐकू न आल्यासारखे केले. कोणी अडवले नाही. पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवले, पण त्या दर्शनाचे मला आज काही आठवत नाही. आठवतो तो तिचा आवाज. ती पायांपर्यंत पोहोचली, की थकून कळसाला हात जोडून परतली, ते पांडुरंगाला ठाऊक. कळसाला हात जोडले असतील तर तिची वारी पुरी झाली. पाय शिवूनही अपुरी राहिली ती माझी.

नातू गप्प झाला. "तुझं तू ठरव," एवढेच मी म्हणालो. माझ्या धाकाने पाळली असती, तर ती पुन्हा बंदीच झाली असती.

खडी चढण संपून आम्ही सपाट विवरात आलो. उजवीकडे न्गाउरुहोए उभा होता, काळा-तांबडा. दोघे-तिघे घसरत्या खडीतून वर चाललेले दिसत होते. नातू बराच वेळ पाहत उभा राहिला. मग बुटाची नाडी घट्ट केली आणि आमच्या वाटेला लागला. लाल विवरापलीकडच्या भुसभुशीत उतारावर माझे गुडघे डगमगले, तेव्हा त्याने हात धरला आणि हिरवी तळी येईपर्यंत सोडला नाही. तळ्याकाठी वाफा येत होत्या, गंधकाचा वास होता. भाकरी तिथेच खाल्ली. पाण्याला हात लावला नाही.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "आबा, मला अजूनही वर जावंसं वाटतंय."

मी म्हटले, "वाटू दे की. मलाही दर आषाढीला बारीत पुढे घुसावंसं वाटतं."

तो हसला. या आषाढीला मी बारीत शेवटी उभा राहणार आहे. पायांपर्यंत पोहोचलो तर त्याची कृपा. नाहीतर कळस आहेच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!