आलोच आहोत तर…

अनोळखी शहरात हाताशी थोडाच वेळ असला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर तेही बघून घेऊ.’ मग जेवायच्या आत दोन देवळं, एक राजवाडा, एक संग्रहालय आणि जाता जाता साड्यांचं दुकान. घरी परतल्यावर फोटो बघताना कुठलं देऊळ कुठलं यावरून वाद. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. रजा थोडी असते, तिकिटं महाग असतात आणि पुन्हा येणं होईलच याची खात्री नसते. पण माझं मत हळूहळू उलट्या बाजूला झुकत गेलं आहे. वेळ जितका कमी, तितकं जास्त गाळता आलं पाहिजे. काय गाळायचं हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे नकाशावर एकच रेघ निवडायची, एखादी नदी, जुना रस्ता किंवा रेल्वेचा रूळ, आणि त्या रेघेवर येईल तेवढंच बघायचं.

कोलकात्यात हे मला चांगलं पटलं. तिथं कामासाठी गेलो होतो आणि कामाच्या आगेमागे थोडा मोकळा वेळ होता. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला काय बघावं म्हणून विचारलं, तर त्यानं पाठ केलेली यादी म्हणून दाखवली : व्हिक्टोरिया, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, सायन्स सिटी. मग सहज विचारलं, ‘दादा, तुम्ही स्वतः रोज कामावर कसे येता?’ त्याचा चेहराच बदलला. तो हावड्याला, म्हणजे नदीपलीकडे राहणारा. सकाळी लाँचनं नदी ओलांडायची आणि अलीकडच्या घाटावरून पायी यायचं. लाँच किती वाजता सुटते, कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, परतताना संध्याकाळी वारा कसा असतो, हे तो न विचारता सांगत राहिला. परक्या गावात माणसाला ‘काय बघू?’ असं विचारलं की तो गावाचा अभिमान सांगतो. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की गाव सांगतो. माझी रेघ त्यानंच ठरवून दिली.

आपण जिला हुगळी म्हणतो तिला तिथली माणसं सरळ गंगाच म्हणतात. उत्तरेला बागबाजारपासून दक्षिणेला प्रिन्सेप घाटापर्यंत तिचा पूर्वकाठ सहा-सात किलोमीटर असेल. या पट्ट्यात फिरायला तीन साधनं आहेत : लाँच, काठाकाठानं धावणारी सर्क्युलर रेल्वे आणि आपले पाय. पहिल्या दोहोंचं तिकीट इतकं स्वस्त की चुकीच्या घाटावर उतरलं तरी हळहळ वाटत नाही.

सुरुवात सकाळी लवकर करावी. कोलकाता आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबई-पुण्याच्या हिशेबानं ‘संध्याकाळी निवांत बघू’ म्हणणाऱ्याची संध्याकाळ चहा पिईपर्यंत संपलेली असते. सहाला बाहेर पडलं की हावडा पुलाच्या पूर्वेकडच्या टोकाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार पूर्ण भरात असतो. कोलाघाट, पांसकुरा, राणाघाट या बाजूंनी रेल्वेनं फुलं येतात. झेंडूच्या माळा इथं गठ्ठ्यांनी विकल्या जातात. पिवळ्या-केशरी माळांची जाड वेटोळी खांद्यावर आणि डोक्यावर घेऊन माणसं उभी असतात. कालीसाठी जास्वंदीच्या लालभडक माळा, शेजारी निशिगंध, पाण्यात बुडवून ठेवलेली कमळं. पायाखाली चिखल आणि कुजणाऱ्या पानांचा वास. मधे उभं राहून फोटो काढणाऱ्यावर हमाल ओरडतात आणि त्यांचं बरोबरच असतं. पन्नास किलोचं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाला वाट देणं हा तिथला पहिला नियम.

बाजारातून वर आलं की पूल. तो बसमधून बघण्यात काही राम नाही, चालतच ओलांडावा. 1943 साली सुरू झालेला हा पूल नदीच्या पात्रात एकही खांब न रोवता उभा आहे. दोन्ही काठांवरच्या मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे 457 मीटर, लागलेलं पोलाद साडेसव्वीस हजार टन, त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातलं. युद्धामुळे इंग्लंडहून पोलाद येईना, म्हणून ते इथलं वापरावं लागलं. सगळी जोडणी रिबिटा ठोकून केलेली. पुलाच्या पदपथावर एक गमतीचा आणि थोडा लाजिरवाणा तपशील दिसतो : लोखंडी दांड्यांच्या पायथ्याशी फायबरग्लासची आवरणं घातलेली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी लोखंड गंजू लागलं होतं, म्हणून ती बसवावी लागली. भूकंप, बॉम्ब आणि जहाजं यांचा विचार इंजिनियरांनी केला असेल. तांबूल त्यांच्या हिशेबात नव्हता.

हावड्याच्या बाजूनं लाँच पकडून परत यावं. पुलाचं खरं आकारमान पाण्यावरूनच कळतं. आता नदीखालून मेट्रोही जाते. भारतातली पहिली मेट्रो 1984 साली याच शहरात सुरू झाली आणि मेट्रोचा नदीखालचा पहिला बोगदाही इथलाच, 2024 साली प्रवाशांसाठी खुला झालेला. पाऊण मिनिटात नदी पार होते आणि दिसत काहीच नाही. एकदा लाँच आणि एकदा मेट्रो असं दोन्ही करावं, म्हणजे एकच नदी दोन पद्धतींनी ओलांडल्याची मजा येते. ट्राममधून फिरायची हौस असणाऱ्यांनी मात्र आशा कमी ठेवावी. 1873 साली घोड्यांनी ओढायला सुरुवात झालेली ती गाडी आता जवळजवळ संपल्यात जमा आहे.

उत्तरेला शोभाबाजारपाशी उतरलं की कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. मराठी माणसाला इथं पेण आठवल्यावाचून राहत नाही आणि ती तुलना करण्यासारखी आहे. पेणला गणपती साच्यातून निघतो. कुमारटुलीची मोठी दुर्गा आधी बांबूच्या चौकटीवर गवताच्या काड्यांनी बांधली जाते. कंबर, खांदे, उचललेले हात, सगळं सुतळीनं आवळलेलं. त्यावर गंगेच्या मातीचे थर चढतात, आधी चिकट मातीचे, मग मऊ वाळूमिश्रित मातीचे. डोकं आणि बोटं वेगळी करून नंतर जोडतात. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंना अर्ध्या घडलेल्या देवी आणि मधून एका माणसापुरती वाट. शिर नसलेली गवताची दशभुजा आणि तिच्या पायाशी तसाच गवताचा महिषासुर, दोघंही त्या क्षणी एकाच मालाचे. दुर्गापूजेच्या आधी महिना-दोन महिने गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. एरवीही काही ना काही चालू असतंच, कारण कालीपूजा, सरस्वतीपूजा अशी वर्षभर मागणी असते. डोळे मात्र महालयेच्या दिवशी रेखायची रीत आहे. कारागीर बोलायला तयार असतात, फक्त काम थांबवून नव्हे.

इथून आणखी वर बागबाजारला जायचं माझं कारण खासगी नव्हतं, पण मराठी होतं. तिथं ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले, तेव्हा कोलकात्यातल्या इंग्रजांनी आणि व्यापाऱ्यांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं खंदक बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड काढला. गल्लीत आज खंदकाची खूणही नाही. साधी घरं, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर चहाची टपरी. तरी मी तिथं बराच वेळ उभा होतो. आपल्या शाळेत अटकेपार झेंडा शिकवतात. त्याच दशकांत बंगालच्या पश्चिम भागात आपल्या घोडेस्वारांनी जी लुटालूट केली, ती तिथल्या अंगाईगीतात उतरली आणि बंगाली आया पिढ्यान्‌पिढ्या ‘बर्गी’, म्हणजे हेच घोडेस्वार, येतील म्हणून मुलांना झोपवत आल्या. कामाच्या ठिकाणचे एक बंगाली सद्गृहस्थ मला हसत म्हणाले होते, ‘म्हणजे तुम्ही बर्गींच्या देशातले.’ हसण्यावारी न्यायचं की मान खाली घालायची, हे पटकन ठरवता येत नाही. दुसरी बाजूही आहे. सखाराम गणेश देउस्कर हा मराठी घराण्यातला माणूस कोलकात्यात बंगाली पत्रकार झाला आणि 1904 साली त्यानं बंगालीत लिहिलेल्या ‘देशेर कथा’वर पुढं सरकारनं बंदी घातली. त्याच वर्षी रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. ‘आलोच आहोत तर’च्या यादीत ही गल्ली कधीच येणार नाही, आणि माझ्या लेखी ती व्हिक्टोरिया मेमोरियलपेक्षा मोलाची आहे.

व्हिक्टोरिया वाईट आहे असं नाही. ते बांधणारा विल्यम इमर्सन आपल्या ओळखीचा, मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट त्याचंच. 1906 साली पाया घातला, 1921 साली इमारत खुली झाली आणि दरम्यान राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणाही होऊन गेली. बाहेरून, मैदानातून चालत जाताना बघावं, तेवढं पुरतं.

जोडासाँकोची ठाकुरबाडी नदीपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. रवींद्रनाथ इथंच 1861 साली जन्मले आणि 1941 साली इथंच गेले. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि निवृत्तीच्या वेळी ते साताऱ्याला न्यायाधीश होते. त्या घराच्या व्हरांड्यात साताऱ्याच्या गप्पा झाल्या असतील असं मनात येऊन गेलं. तिथून कॉलेज स्ट्रीट. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांपाशी कितीही वेळ जाऊ शकतो, म्हणून आधीच स्वतःला तास बांधून द्यावा. जेवायला त्याच भागातलं एखादं पाइस होटेल गाठावं. तिथं भात, डाळ, माशाचा झोल यांचा दर वेगवेगळा लागतो. न खाणाऱ्यांना खसखशीतला बटाटा म्हणजे आलू पोस्तो मिळतो आणि तो माशाची आठवण येऊ देत नाही. हिवाळ्यात गेलात तर नोलेन गुळाचा संदेश सोडू नका. रसगुल्ला डब्यातून कुठंही मिळतो, हा नाही.

दिवसाचा शेवट प्रिन्सेप घाटावर. उंच खांबांचा हा मंडप नदीकाठी उतरणाऱ्यांसाठी 1840च्या दशकात बांधला. आता नदी पुढं सरकली आहे आणि दोहोंच्या मधून सर्क्युलर रेल्वे जाते. ज्याच्या नावाचा हा घाट, तो जेम्स प्रिन्सेप कोलकात्याच्या टांकसाळीत कामाला होता. 1837च्या सुमारास त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख वाचता येऊ लागले. आपल्या कार्ल्याचे, नाणेघाटाचे लेखही त्याच लिपीतले. 1840 साली तो चाळिशीतच वारला. घाटावर प्रेमी युगुलं असतात, भेळवाले असतात आणि नाववाले भाव सांगत मागे लागतात. भाव आधी ठरवावा.

रेघ सोडून आणखी एकच ठिकाण सुचवतो, तेही प्रिन्सेपमुळे. 1814 साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियममध्ये सगळी दालनं बघायच्या फंदात पडू नका. फक्त भारहूतच्या बौद्ध स्तूपाचं दालन गाठा. तांबड्या दगडाच्या कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि खाली ब्राह्मीत कथांची नावं आहेत. एका गोल शिल्पात अनाथपिंडिक जेतवन विकत घेतोय. बैलगाडीतून नाणी उतरवून माणसं ती जमिनीवर अंथरतायत, कारण जमिनीची किंमत ती झाकेल इतकी नाणी अशी ठरलेली. या एका शिल्पापुढं अर्धा तास घालवा आणि बाहेर पडा. ममीसमोरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ याच नदीवर, पण बरेच वर, समोरासमोरच्या काठांवर आहेत. त्यांना निम्मा दिवस द्यायचा असेल तरच जा, धावत दर्शन घेण्यासारखी ती ठिकाणं नव्हेत. आणि वार बघून तिकीट काढा. कॉलेज स्ट्रीटची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात आणि इंडियन म्युझियम, ठाकुरबाडी, व्हिक्टोरियाची दालनं सोमवारी. शुक्रवारी रात्री पोचून शनिवारी पुस्तकं आणि रविवारी नदी व भारहूत, असं जमलं तर उत्तम.