भरतीचे दफ्तर

मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना त्याने किती माणसे नेमली, किती प्रशिक्षणवर्ग भरविले आणि वार्षिक अहवालात ‘समावेशन’ या सदराखाली किती छायाचित्रे छापून आणली, यांचीच बहुधा दखल घेतली जाते. परंतु जी माणसे त्याच्या दारापर्यंत पोहोचलीच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही, आणि माझ्या मते या व्यवसायाची खरी परीक्षा तेथेच होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत भरतीचे असे निराळे खाते नव्हतेच. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हाच माणसे आणी, गैरहजराच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदलीवाल्याला पाळी देई आणि मर्जी फिरली की त्याला घरी बसवी. त्याच्या गावचा, नात्याचा किंवा दस्तुरी, म्हणजे नेमणुकीबद्दलची लाच, मोजणारा माणूस आत जाई, आणि बाकीचे फाटकापाशी ताटकळत.

साचाखात्याची, म्हणजे विणाईच्या खात्याची, गोष्ट तर अधिक बोलकी आहे. धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सुताचे टोक ओढून घेई. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, या एवढ्याशा यांत्रिक तपशिलाला विटाळाचे रूप देऊन अस्पृश्य कामगारांना विणाईच्या अधिक मजुरीच्या कामातून दूर ठेवण्यात आले, आणि त्यांच्या वाट्याला सूतकताईच्या रिंगखात्यासारखी कमी मजुरीची कामे आली. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोकपणे मांडला. येथे मालकाचा लेखी हुकूम नव्हता, कायद्याचे कलम नव्हते. शिरस्ता होता, आणि तो सोबतच्या कामगारांनीच जपला होता. ‘समावेशन’ म्हणजे केवळ वरिष्ठांचे औदार्य, असे समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे १९३१मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने भरती जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविण्याची शिफारस केली. १९३६मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून परिचित असलेली, शाळा निघाली. आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. आजच्या एचआर व्यवस्थापकाची वंशावळ अशी फाटकापासून सुरू होते.

आता जॉबर गेला, परंतु ‘रेफरल’ आले. ओळखीचा उमेदवार सुचवावा आणि तो नेमला गेला की बक्षीस घ्यावे, अशी ही पद्धत. पूर्वी दस्तुरी येणारा देई, आता ती कंपनी देते, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे! ओळखीची माणसे बहुधा आपल्याच वस्तीतली, आपल्याच महाविद्यालयातली असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावयास लावले आहे, पण मुलाखत उद्वाहनाविना तिसऱ्या मजल्यावर ठेवली, किंवा दृष्टिहीनाच्या वाचकयंत्रास न उमगणारा अर्ज संगणकावर चढविला, म्हणजे त्या धोरणाचा निकाल तेथेच लागतो.

ज्यांच्या सहीने नेमणुका होतात अशा वाचकांना एकच विनंती आहे: येत्या भरतीची जाहिरात मंजूर करण्यापूर्वी गतवर्षीचे अर्ज मागवून घ्या, आणि त्यांपैकी कोणत्याही ओळखीवाचून आलेले किती व त्यांतील किती मुलाखतीपर्यंत पोहोचले, ते स्वतः मोजून पाहा.