पोपटपंची

कीर्तनात अजामेळ येतोच. जन्मभर नको ते केलेला हा ब्राह्मण मरणाच्या घटकेला धाकट्या पोराला हाक मारतो. पोराचं नाव नारायण, म्हणून विष्णुदूत धावतात आणि यमदूतांना हात हलवत परत जावं लागतं. त्याच्यामागोमाग राघूला 'राम' म्हणायला शिकवणारी गणिका येते, आणि 'मरा मरा' घोकणारा वाल्या कोळी. तिघांच्याही तोंडी नाम आलं ते आडवाटेनं. बुवा रंगून सांगतात, आम्ही माना डोलावतो आणि कुणाचा भाव कोणी तपासत बसत नाही.

आमच्या भजनी मंडळात मात्र सध्या एका पोराचा भाव तपासणं चालू आहे. आमच्यातल्याच एका माउलीचा नातू. त्याला ऑटिझम आहे. बोलतो अगदी थोडं, पण 'रामकृष्णहरी' दिवसभर म्हणतो. तीच चाल, तीच पट्टी. एकादशीला चहा पिता पिता आबा म्हणाले, "पोपटपंची आहे ती. त्याला नाम म्हणायचं नाही. भाव कुठाय?" आबा मंडळात सगळ्यांत जुने, त्यामुळे कोणी उलट बोललं नाही. मला राहवलं नाही. मी पखवाज वाजवतो, आणि दर गुरुवारी एका विशेष मुलांच्या शाळेत तोच पखवाज घेऊन बसतो. हा मुलगा तिथलाच.

मी म्हटलं, आबा, राघूची गोष्ट तुम्हीच सांगता, मग पोपटपंचीला नावं कशी ठेवता? शिवाय भागवताच्या सहाव्या स्कंधात विष्णुदूत यमदूतांना साफ सांगतात, की दुसऱ्याच कुणाला उद्देशून, थट्टेत, तुच्छतेनं, इतकंच काय गाण्यात नुसती भर म्हणून घेतलेलं नामही चालतं. भर घालणारी ती अक्षरं, म्हणजे स्तोभ, आमच्या पोराच्या तोंडी असतात असं फार तर म्हणा.

आबा कच्चे नाहीत. ते म्हणाले, "अजामेळानं निदान पोराला तरी हाक मारली होती. याची हाक कुणाला?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. शाळेतल्या संगीतोपचाराच्या बाईंकडे विषय काढला, तेव्हा त्यांनी लिओ कॅनर या डॉक्टरची हकीकत सांगितली. त्यानं १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची वर्णनं छापली, आणि ऑटिझमची ओळख वैद्यकाला तिथून झाली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. वर्षाचा असताना तो कितीतरी चाली बिनचूक गुणगुणायचा. दोन वर्षांचा व्हायच्या आत बायबलातलं तेविसावं स्तोत्र आणि त्यांच्या पंथाच्या धर्मपाठातली पंचवीस प्रश्नोत्तरं त्याला तोंडपाठ होती. मात्र स्वतःहून तो कुणाला काही विचारत नसे. मला हसू आलं. मिसिसिपीतल्या त्या घरीही कुणी आबा असणारच, आणि त्यांनीही विचारलं असणार, याला कळतंय का काही?

बाईंनी आणखी एक सांगितलं. ऐकलेलं तेच तेच म्हणणं निरर्थक नसतं, हे बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकान यांनी १९८१ मध्येच दाखवलं. कधी ते होकारासाठी असतं, कधी मागण्यासाठी, कधी स्वतःला सावरण्यासाठी. ते ऐकल्यापासून मी लक्ष ठेवलं. कुकरची शिट्टी झाली की पोराचा 'रामकृष्णहरी' वाढतो. आई उठून बाहेर गेली की वाढतो. भीती वाटली की माणसं नाम घेतात, असंच ना आपण म्हणतो?

गुरुवारचं सांगतो. टाळ वाजला की तो कान दाबून कोपऱ्यात जातो, म्हणून टाळ बंद. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, लावायची कणीक मात्र त्याची. मी मळून देतो, तो अंगठ्यानं ती कातड्यावर दाबून बसवतो, कडा सारख्या करतो, पुन्हा काढतो, पुन्हा लावतो. घाई केली तर संपलं. मग मी भजनी ठेका धरतो, त्याच्या डुलण्याच्या लयीत, माझ्या नव्हे. काही आवर्तनांनंतर समेच्या अलीकडे हात उचलून थांबतो. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, कधीच नाही, हाताकडे बघतो. आणि 'धा' तो मारतो. मुद्दाम जास्त थांबलो तर तोही थांबतो, श्वास रोखून. ही हाक नव्हे तर काय? डोळ्याला डोळा भिडवला नाही म्हणून ती खोटी ठरवायची, तर भजनात डोळे मिटून बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचं काय करायचं? त्यातल्या निम्म्यांचं मन चहाकडे असतं, हे मला पखवाजाजवळ बसून चांगलं दिसतं.

याचा अर्थ पखवाजानं ऑटिझम बरा होतो, असा कोणी काढू नये. अमुक राग ऐकवा, मूल बोलू लागेल, असं सांगून पैसे उकळणारे मी पाहिलेत. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरची चाचणी छापून आली. मुलाच्या सुराला सूर देत केलेल्या संगीतोपचारानं पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांच्या मोजमापात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. २०२२ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं सव्वीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत फायदा संभवतो असं निघालं. दोन्ही मला पटतं. पहिल्यात मूल किती कमी ऑटिस्टिक दिसतं ते मोजलं होतं, आणि मी काही त्यासाठी वाजवायला जात नाही.

खरं तर अजामेळाची गोष्ट या पोराला लागूच पडत नाही. अजामेळाला पापं धुवायची होती. या दहा वर्षांच्या जिवाचं कुठलं पाप? गेल्या जन्माचं भोगतोय म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी बोलत नाही. फेडायचं काही नाही, मिळवायचं काही नाही, तरी नाम चालू. मोक्ष नको, संतसंग दे आणि खुशाल पुन्हा जन्माला घाल, असं मागणं तुकोबांनीच मागितलं होतं की.

हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुकोबांना मोक्ष म्हणजे काय ते ठाऊक होतं, मग त्यांनी नको म्हटलं. याला कुठं ठाऊक आहे?"

बिनतोड आहे. मी त्यांना येत्या गुरुवारी शाळेत बोलावलंय. टाळ मात्र घरी ठेवून या, म्हटलं.