माझं प्रकरण, मेरिटवर

'मेरिटवर मिळालंय' एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. नोकरीबद्दल, प्रवेशाबद्दल आणि अलीकडे मुलाबद्दल बोलताना मी हे आयुष्यभर म्हणत आलो आहे. अमक्याची मुलगी मेरिटला आली, यंदा मेरिट किती टक्क्यांवर थांबलं, मेरिटची मुलं देश सोडून जातात. हा शब्द आमच्या घरात कधी आला आणि आमचाच कधी झाला, कुणाच्या लक्षातही नाही.

वकिलांच्या तोंडी मात्र तो वेगळ्या अर्थाने येतो. 'मॅटर मेरिटवर ऐका' म्हणजे मुदत, सह्या, तांत्रिक हरकती बाजूला ठेवा आणि मूळ प्रकरणात दम आहे का ते बघा. मला हा वापर जास्त प्रामाणिक वाटतो. माझं स्वतःचं प्रकरण असं ऐकायला घेतलं तर काय निघेल?

शब्दाच्या लॅटिन मुळात कमावणं आहे. पहाटे उठून केलेला अभ्यास मी कमावलेला होता. खोटी नम्रता दाखवून मी तो नाकारणार नाही. पण त्याच्या आजूबाजूचं सगळं? वडील शिक्षक होते. संध्याकाळी ते माझी गणिताची वही बघत, चुकलेल्या पायरीखाली पेन्सिलने बारीक रेघ मारत आणि उत्तर न सांगता वही परत देत. चूक कुठून सुरू झाली ते शोधायची सवय मला त्या रेघेने लावली, आणि पुढे परीक्षेत तिचेच गुण मिळाले. आमच्या घरात जसं बोललं जाई तशीच भाषा पुस्तकात छापलेली असे. 'न' आणि 'ण' मला कधी वेगळे शिकावे लागले नाहीत. दहावीच्या वर्षी आई मला दळण आणायलाही पाठवत नसे. बहीण जायची. ती गिरणीच्या रांगेत उभी असताना मी सूत्रं पाठ करत होतो, आणि तिच्याही दहावीच्या वर्षी गिरणीत तीच गेली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा शेवटचा तास संपायच्या आत दप्तर आवरायचा, कारण त्याच्या गावाची एसटी चुकली की मुक्कामाची पंचाईत. आम्हा दोघांना एकच प्रश्नपत्रिका आली. आम्ही दोघांनीही ते न्याय्य मानलं. त्याने का मानलं असेल, याचा विचार मला आता जास्त छळतो.

'मेरिटॉक्रसी' हा शब्द रूढ केला मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, १९५८ साली, एका उपहासात्मक पुस्तकात. आपण निव्वळ लायकीने वर आलो अशी ज्यांची खात्री पटते, ते खाली राहिलेल्यांकडे कसे बघतील, याचा तो इशारा होता. लोकांनी तो शब्द आदर्श म्हणून उचलला. २००१ मध्ये, म्हातारपणी, यंगला वर्तमानपत्रात लेख लिहून याबद्दलची खंत सांगावी लागली.

आपल्याकडे हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी हाताळला होता. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान सुरू केला. त्याच राजाच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज तेव्हा विलायतेला गेले होते, आणि २६ जुलैला करवीर संस्थानात त्यांचा हुकूम निघाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. आधीच वर पोहोचलेल्यांचा गौरव करणं आणि वर यायची वाटच ज्यांना नव्हती त्यांना ती करून देणं, यांत दुसरं काम कितीतरी अवघड. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशातलं ओबीसी आरक्षण कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, खुल्या स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच मेरिट असं मानता येणार नाही.

हे सगळं मला पटतं. तरीही आमच्या दिवाणखान्यात राखीव जागेवरून डॉक्टर झालेल्या माणसाच्या हाताबद्दल शंका निघते, तेव्हा मी गप्प बसतो. मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून झालेल्या डॉक्टरबद्दल तशी शंका मी त्या खोलीत कधीच ऐकलेली नाही. म्हणजे आम्हाला गुणांची एवढी चाड आहे, हे खरं नसावं. चाड आहे ती रांगेतल्या आपल्या जागेची. आणि 'आम्हाला' म्हणताना मी त्यातून स्वतःला वगळू शकत नाही.

मुलगा आता प्रवेश परीक्षेची तयारी करतो आहे. त्याच्या क्लासची फी मी हप्त्यांनी भरतो. ती भरणं थांबवेन का, हे मी स्वतःला विचारलं आहे. नाही थांबवणार. बापाचा जीव आहे, आणि आपल्या मुलाला कमी देऊन दुसऱ्या कुणाला जास्त मिळत नाही, हेही खरं आहे. पण ही फी, त्याची वेगळी खोली, त्याच्यासाठी वेळेवर येणारा डबा हे सगळं त्याच्या गुणपत्रिकेत त्याच्याच नावावर जमा होणार, हे मला आज ठाऊक आहे. पेढे वाटताना मी 'मेरिटवर मिळालं' म्हणेन आणि तो ते ऐकेल. त्याला हे निकालाच्या आधी सांगायला हवं. गुण कमी पडल्यावर सांगितलं तर ते सांत्वन वाटेल, आणि भरपूर पडल्यावर त्याला ते ऐकू येणार नाही. आत्याच्या दळणापासून सुरुवात करावी म्हणतो, म्हणजे त्याला ते माणसासकट कळेल.