पहिला दगड कुणी मारला?



इस्रायल आणि पॅलेस्टाईन हा विषय निघाला की बोलणे लवकरच एका प्रश्नापाशी येते : सुरुवात कुणी केली? मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नघरी, लोकलच्या डब्यात हा वाद आपण ऐकतो. एक जण ७ ऑक्टोबर २०२३ चे नाव घेतो. दुसरा १९६७ काढतो. तिसरा १९४८ वर जातो. चौथा बायबल उघडून थेट अब्राहामापासून सुरुवात करतो. आपापल्या तारखेपासून मोजले तर प्रत्येकाचे म्हणणे खरे वाटते. म्हणूनच वाद मिटत नाही. तारीख निवडली की आरोपीही निवडून होतो.

मग दोष ठरवताच येत नाही का? दोन सोप्या वाटा समोर असतात. एक, सगळा दोष एकाच बाजूच्या पदरात टाकायचा. दुसरी, ‘दोघेही सारखेच’ म्हणून मोकळे व्हायचे. दोन्ही वाटांवर विचार करण्याचे कष्ट वाचतात. पण न्यायाची भूक असलेल्याला धन्य म्हणणाऱ्या प्रभूच्या शिष्यांना एवढ्यावर थांबता येणार नाही.

त्यासाठी एक जुनी घटना पाहू. तीत ज्यू आहेत, पॅलेस्टिनी आहेत आणि आपल्याला अडचणीत टाकणारे ख्रिस्तीही आहेत.

बैरूतमधील तीन दिवस

जून १९८२ मध्ये इस्रायलने लेबननवर स्वारी केली. १४ सप्टेंबर रोजी लेबननचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष बशीर गमायेल बॉम्बस्फोटात ठार झाले. ते मारोनाइट कॅथलिक होते आणि ‘फलांज’ या ख्रिस्ती पक्षाच्या सशस्त्र दलाचे नेते होते. त्यानंतर इस्रायली सैन्य पश्चिम बैरूतमध्ये घुसले. १६ तारखेच्या संध्याकाळी फलांजचे हत्यारबंद तरुण साब्रा वस्तीत आणि शातिला या निर्वासितांच्या छावणीत शिरले. बाहेर वेढा इस्रायली सैन्याचा होता. आत जाऊ देणारेही तेच आणि रात्री आकाशात प्रकाशगोळे सोडून उजेड करणारेही तेच. १८ तारखेच्या सकाळपर्यंत कत्तल चालली. मेलेल्यांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. कमीत कमी सातशे, काही अंदाजांनुसार तीन हजारांहून अधिक. त्यांत बायका, मुले, म्हातारीकोतारी होती. पॅलेस्टिनी होते, तसे लेबननमधील शिया मुसलमानही होते.

आता विचारू या : दोषी कोण?

ज्यांच्या हातांना रक्त लागले ते ख्रिस्ती घरांतले तरुण होते. म्हणून ख्रिस्ती लोक दोषी असे कुणी म्हटले, तर आपण तत्काळ उसळून उठू. आमच्या गावातल्या माणसाचा बैरूतशी काय संबंध, असे विचारू. ते खरे ख्रिस्ती नव्हतेच, असेही म्हणू. हरकत नाही. पण ही सवलत आपण ज्यूंना देतो का? मुसलमानांना देतो का? आपल्या माणसाने गुन्हा केला की तो त्याचा एकट्याचा आणि दुसऱ्याच्या माणसाने केला की तो त्याच्या सगळ्या जमातीचा, हा हिशेब आपल्या नकळत चालू असतो.

फलांजवाल्यांचीही एक तारीख होती. जानेवारी १९७६ मध्ये बैरूतच्या दक्षिणेला असलेल्या दामूर या ख्रिस्ती गावावर पॅलेस्टिनी गटांनी आणि त्यांच्या लेबनीज साथीदारांनी हल्ला करून शेकडो लोकांना मारले होते. ती जखम खरी होती. पण त्याच्या दोनच दिवस आधी ख्रिस्ती टोळ्यांनी बैरूतच्या करांतिना या गरीब वस्तीत शेकडो पॅलेस्टिनी आणि मुसलमान मारले होते, हेही तितकेच खरे. आणि हे पॅलेस्टिनी लेबननमध्ये आले कसे? १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, त्यांतले अनेक उत्तरेकडे लेबननमध्ये गेले. त्याच्याही मागे जावे तर युरोपात साठ लाख ज्यूंचा झालेला संहार आहे. १९२९ साली हेब्रोनमध्ये मारले गेलेले ६७ ज्यू आहेत. त्यानंतरच्या वर्षांत अरब देशांतून परागंदा झालेले लाखो ज्यूही आहेत.

ही साखळी समजून घेणे आवश्यक आहे. पण ती गुन्हेगाराची सुटका करीत नाही. दामूरमध्ये ज्याची आई मेली त्याच्या मनातला राग समजू शकतो. त्याने शातिलातले मूल मारणे त्यामुळे योग्य ठरत नाही. कारण सांगणे वेगळे आणि निर्दोष ठरवणे वेगळे. आपले निम्मे वाद या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

दोषाची मापे

बैरूतमधील कत्तलीनंतर इस्रायलमध्येच प्रचंड निदर्शने झाली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष यित्झाक कहान हे त्याचे प्रमुख होते. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयोगाने निष्कर्ष दिला : प्रत्यक्ष जबाबदारी फलांजची, पण इस्रायलची अप्रत्यक्ष जबाबदारी आहेच. सूडाने पेटलेल्या माणसांना छावणीत सोडले तर काय होईल, हे ओळखायला हवे होते. संरक्षणमंत्री एरिएल शेरॉन यांना आयोगाने व्यक्तिशः जबाबदार धरले आणि त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे २००१ मध्ये ते पंतप्रधान झाले. लेबननमध्ये तर १९९१ साली माफीचा कायदा झाला आणि प्रत्यक्ष मारेकऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. तरीही त्या अहवालाचे मोल कमी होत नाही.

अप्रत्यक्ष जबाबदारी म्हणजे काय, हे सांगताना आयोगाने बायबलचा आधार घेतला. अनुवादाच्या २१ व्या अध्यायात एक विधी आहे. रानात प्रेत सापडले, मारणारा माहीत नाही. मग सर्वांत जवळचे नगर कोणते ते मोजायचे आणि तेथील वडीलजनांनी एका कालवडीवर हात धुऊन, हे रक्त आम्ही सांडले नाही, असे देवासमोर सांगायचे. यहुदी गुरूंनी विचारले, त्या वडीलजनांनी खून केला असे कुणाला तरी वाटेल का? नाही. पण तो वाटसरू आपल्या दारी आला तेव्हा त्याला उपाशी पाठवले का, सोबतीशिवाय जाऊ दिले का, याचा जाब त्यांना द्यायचा होता.

हात पिलातानेही धुतले होते. तो जबाबदारी झटकण्यासाठी. नगराचे वडील हात धुतात ते अंतर मोजून, जबाबदारीचा शोध घेतल्यावर.

दोष ठरवताना हेच करायचे असते. हत्यार कुणी चालवले, हुकूम कुणी दिला, दार कुणी उघडले, थांबवणे शक्य असून कोण गप्प बसले? सगळ्यांच्या पदरात सारखेच माप टाकता येत नाही आणि कुणाला नुसते ‘मी नाही त्यातला’ म्हणून सुटताही येत नाही.

आपली नजर किती सरळ?

याच कत्तलीच्या बातम्यांवर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना टीव्हीवरील त्याच बातम्या दाखवल्या. दोन्ही गटांचे म्हणणे एकच : बातमीदार आमच्या विरुद्ध आहेत! तटस्थ माणसाने हे पाहिले तर तो आमच्या विरुद्ध जाईल, अशी भीतीही दोघांना वाटली. म्हणून कुणी पक्षपात करतो असे वाटले, तर एकदा आपला चष्माही तपासावा.

आपल्याही चष्म्याला रंग आहेत. इस्रायल हे नाव आपण दर रविवारी वाचनांत ऐकतो. त्यामुळे १४ मे १९४८ रोजी स्थापन झालेले राज्य आणि बायबलमधील देवाची प्रजा यांत काहींना फरक दिसत नाही. मग त्या राज्याच्या प्रत्येक कृतीवर देवाची सही आहे असे वाटू लागते. परंतु त्याच बायबलमध्ये देवाचे संदेष्टे आपल्याच राजांना खडसावतात. इथल्या हिंदू-मुसलमान तणावाच्या चष्म्यातूनही कुणी गाझाकडे पाहतो. कुणाच्या मनात ज्यूंविषयी जुनी अढी असते.

ही अढी ख्रिस्तसभेत शतकानुशतके होती. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारला गेला आणि त्या आरोपाची किंमत असंख्य निरपराधांनी भरली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे हा आरोप नाकारला. तो दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या ज्यूंवरही नाही, असे परिषदेने सांगितले. एका संपूर्ण जमातीला दोष देणे किती भयंकर असते, हे आपल्याइतके कुणी जाणू नये.

मुंबईनेही ते पाहिले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये अतिरेक्यांनी ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि पाहुणे यांना मारले. ती माणसे ज्यू होती, एवढाच त्यांचा ‘अपराध’. आपल्या कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्रायलला गेले. त्यांना आपण कोणत्या हिशेबात धरणार?

गाझाकडे पाहताना

आता ही मापे आजच्या दुःखाला लावू. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने आणि त्याच्या साथीदारांनी इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक होते, आणि २५१ जणांना ओलीस नेले. हे घोर पाप होते. १९६७ पासूनचा कब्जा, वाढत्या वसाहती, गाझाची नाकेबंदी यांतून राग का साचला ते कळते, पण घरात घुसून माणसे मारण्याचे समर्थन त्यांतून होत नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांच्या युद्धात, ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ६७,००० हून अधिक लोक मेले. ते खाते हमासच्या राजवटीतले आहे आणि लढणारे व सामान्य लोक असा फरक या आकड्यात नाही. तरीही त्यांत हजारो मुले आहेत. हमास लोकवस्तीत लपून लढला, हा त्याचा दोष. पण अन्न, पाणी आणि औषधांच्या वाटा ज्याच्या हातात, त्याच्यावर त्या उघड्या ठेवण्याचे कर्तव्य येते. जितकी सत्ता, तितका जाब. ७ ऑक्टोबरचे दुःख ते कर्तव्य पुसून टाकत नाही.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी अटकेची वॉरंटे काढली, ती तीन माणसांच्या नावे : इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतन्याहू, माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट आणि हमासचे सेनाप्रमुख मोहम्मद देइफ. देइफ आधीच मारला गेल्याचे पुढे स्पष्ट झाले. इस्रायलने हे आरोप फेटाळले आहेत, आणि आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. पण आरोप व्यक्तींवर आहेत, ज्यूंवर नाहीत, पॅलेस्टिनींवरही नाहीत.

१७ जुलै २०२५ रोजी गाझातील एकमेव कॅथलिक चर्चवर, पवित्र कुटुंबाच्या चर्चवर, इस्रायली तोफगोळा पडला. तीन जण मेले, धर्मगुरू जखमी झाले. गोळा भरकटल्याचे सांगून इस्रायलने खेद व्यक्त केला. पोप फ्रान्सिस आपल्या शेवटच्या दिवसांपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी याच चर्चला फोन करीत असत. या बातमीने आपण हळहळलो, ते साहजिक होते. पण त्याच आठवड्यात मशिदीजवळ, शाळेजवळ मेलेल्यांसाठी आपले मन तितकेच हलले का?

नाव झाकून न्याय

दावीद राजाने गुन्हा केला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला गोष्ट सांगितली. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून नेली. राजा संतापला, त्याने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा सुनावली. मग नाथानने सांगितले की तो माणूस राजा स्वतःच आहे. नाव झाकलेले होते तोवर दावीदचा न्याय चोख होता.

आपणही तसे करावे. बातमी वाचताना दोन्ही बाजूंची नावे मनातल्या मनात बदलून पाहावीत. मत बदलले, तर ते मत न्यायाचे नव्हते.

हे केवळ पुस्तकी नाही. रामी एल्हानान हे इस्रायली ज्यू. त्यांची मुलगी १९९७ साली जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी आत्मघातकी हल्ल्यात मेली. बसाम अरामिन हे पॅलेस्टिनी मुसलमान. त्यांची दहा वर्षांची मुलगी २००७ साली शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाच्या गोळीने मेली. बसाम न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. त्यांनी दोष सोडून दिला नाही, फक्त तो सगळ्या ज्यूंवर टाकला नाही. हे दोन बाप शोकग्रस्त कुटुंबांच्या एका संघटनेतून एकत्र फिरतात, बोलतात. मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांची भेट घेतली.

ज्यांनी मुली गमावल्या त्यांना हे जमते. आपण तर दूर बसून फक्त मते मांडतो. म्हणून या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत पवित्र भूमीचे नाव घेताना दोन्हीकडच्या मृतांची आठवण करू या. ज्यांच्याविषयी आपल्या मनात अढी आहे, त्यांची आधी करू या. घरी मुलांनी ‘वाईट कोण?’ असे विचारले, तर जमातीचे नाव न घेता कृत्याचे नाव घेऊ या.

शांतिदाता प्रभू आपल्याला सरळ नजर देवो.